कौलापासून पंचनाम्यापर्यंत

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरी वर्षाकाठी दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो आणि पूर्वेस माणदेशात वीस इंचांची सरासरीही कित्येक वर्षी कागदावरच राहते. या दोन टोकांच्या मधोमध, कोरेगाव तालुक्यात, कमंडलू नदीच्या काठी रहिमतपूर वसले आहे. आदिलशाहीतील नामांकित सरदार रणदुल्लाखान याची म्हणून दाखवली जाणारी कबर व तिच्यालगतची मशीद, मराठेशाहीत नावारूपास आलेले माने सरदारांचे घराणे, १८५३ साली स्थापन झालेली नगरपालिका, पुणे-मिरज लोहमार्गावरचे स्टेशन, आणि नाटककार वसंत कानेटकरांचे जन्मगाव म्हणून लाभलेली कीर्ती, एवढ्या गोष्टी या गावाच्या औपचारिक परिचयास पुरेशा आहेत. मला मात्र या गावाचे महत्त्व त्याच्या मधलेपणामुळे वाटते. समुद्रावरून येणारे चक्रीवादळ सह्याद्रीला धडकून बहुधा पाऊस होऊनच इकडे उतरते. पण पूर्वेकडून अवर्षण, दक्षिणेकडून कृष्णेचा महापूर, पश्चिमेकडून भूकंप आणि दरडी, अशा तिन्ही बाजूंच्या आपत्तींची वार्ता येथे सारख्याच अंतरावरून ऐकू येते. ज्याचे घर पडले, बैल मेले आणि पेरणीचे बियाणेही खाऊन संपले, असे कुटुंब पुन्हा आपल्या उंबऱ्याशी कसे उभे राहिले, त्यासाठी सरकारने काय केले आणि समाजाने काय केले, याचा गेल्या सहाशे वर्षांचा आढावा घ्यावयाचा, तर त्यातील बरीचशी पाने या गावापासून दिवसभराच्या वाटेवरच सापडतात.

यातील पहिले पान दुर्गादेवीच्या दुष्काळाचे आहे. १३९६ च्या सुमारास सुरू होऊन हा दुष्काळ बारा वर्षे टिकला असे परंपरा सांगते. बारा हा आकडा आपल्याकडे दुष्काळाला, वनवासाला आणि तपश्चर्येला सारखाच लावला जातो, म्हणून त्याबद्दल फार आग्रह धरू नये. परंतु गावेच्या गावे ओस पडली, डोंगरी किल्ले पुंडांच्या हाती गेले आणि पुढची दोनतीन दशके हा मुलूख पूर्ववत् वसला नाही, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १४२९ साली बहामनी दरबाराने मलिक-उत्-तुज्जार याला या प्रांतात पाठविले, आणि त्याच्याबरोबर वंशपरंपरागत देशमुख, दादू नरसू काळे नावाचा एक अनुभवी ब्राह्मण कारभारी व दरबारातला एक तुर्की खोजा, अशी मंडळी दिली. त्यांची पहिली मोहीम झाली ती रहिमतपुराच्या शेजारच्या खटाव देशात आणि महादेवाच्या डोंगरात. प्रथम रामोशांचा आणि लुटारूंचा बंदोबस्त, व मग वसाहत, असा तो क्रम होता. ही हकीकत ज्याने लिहून ठेवली तो ग्रँट डफ पेशवाई बुडाल्यानंतर साताऱ्यास कंपनीचा प्रतिनिधी म्हणून राहिला होता. राजांच्या दफ्तरातील आणि देशमुखांच्या घरातील कागद त्याच्या हाताखालून गेले होते.

या हकीकतीतला जो तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो तो असा. जुनी गावे ओस पडून इतकी वर्षे लोटली होती की त्यांच्या शिवा कोठे होत्या हे सांगणारा कोणी उरला नव्हता. तेव्हा दादू नरसू आणि तो तुर्की खोजा या दोघा कारभाऱ्यांनी नव्या सीमा आखल्या, दोन-दोन तीन-तीन गावे मिळून एकेक गाव केले, आणि जो कोणी नांगर धरील त्याला जमीन देऊ केली. पहिल्या वर्षी सारा मुळीच नाही. दुसऱ्या वर्षी बिघ्याला एक तोबराभर धान्य. घोड्याच्या तोंडाला बांधावयाची ती चामड्याची वा तागाची पिशवी हेच सरकारी माप ठरले, कारण ओसाड मुलखात दुसरे सर्वांच्या ओळखीचे माप होते कोठे? स्वारांच्या फौजेबरोबर आलेल्या अंमलदारापाशी तोबरे होते, आणि दुष्काळातून वाचलेल्या कुणब्यापाशी तोबराभर धान्य दुसऱ्या वर्षाअखेर असू शकेल, एवढा त्यामागचा अंदाज होता. या व्यवस्थेत दानधर्म कोठेही नाही. दरबाराला महसूल हवा होता, घोड्यांना चंदी हवी होती. पण महसूल हवा असेल तर कुटुंबाला आधी श्वास घेऊ द्यावा लागतो, ही अक्कल त्या स्वार्थात होती, आणि पुष्कळदा शुद्ध परोपकारापेक्षा असा समंजस स्वार्थच अधिक टिकाऊ ठरतो.

सरकार वसाहत करी तेव्हा गावही आपल्या परीने जागा राखून ठेवीत असे, आणि या दुसऱ्या गोष्टीकडे आपल्या इतिहासकारांनी जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिले नाही असे वाटते. जुन्या दख्खनी गावात मिरासदार आणि उपरी असे दोन प्रकारचे कुळवाडी होते. उपरी हा आज येथे, उद्या तेथे. पण मिरासदाराची जमीन ही त्याच्या कुळाची. दुष्काळाने, परचक्राने किंवा कर्जाने परागंदा झालेला मिरासदार गावात नसला, तरी त्याचे शेत त्याच्याच नावाने ओळखले जाई; पाटील ते उपऱ्याला वर्षाच्या बोलीने लावून देई; आणि एखाद्या दिवशी त्या घराण्याचा मुलगा वा नातू पाठीवर बोचके घेऊन वेशीत उभा राहिला, तर पिढी उलटून गेली असली तरी त्याचा हक्क नाकारणे गावाला जड जाई. कुळ समूळ नष्ट झाल्याची खात्री पटली म्हणजेच ती जमीन गतकुळी म्हणून लिहिली जाई. आपत्तीतून कुटुंब पुन्हा उभे राहावयाचे तर त्याला परतण्यासाठी एक ठिकाण लागते, आणि ते ठिकाण त्याच्या अनुपस्थितीतही कोणीतरी राखावे लागते. हे काम मिरासपद्धतीने केले. अर्थात् हे सुख ज्यांना मिरास होती त्यांचे. गावकुसाबाहेरच्या माणसाला जमीनच नव्हती, म्हणून त्याच्यासाठी राखून ठेवण्याजोगेही काही नव्हते. पुनर्वसनाच्या प्रत्येक युगात ही वजाबाकी मांडावीच लागते.

सतराव्या शतकात १६३० च्या दुष्काळाने आणि पाठोपाठच्या लष्करी धामधुमीने पुणे प्रांत उजाड झाला, तेव्हा दादोजी कोंडदेवांनी तेथे जी वसाहत केली तिची रीतही हीच होती, केवळ अधिक रेखीव. कौल, म्हणजे सरकारी हमीचा करार, द्यावयाचा तो इस्ताव्याचा. म्हणजे पहिल्या साली नाममात्र धारा, पुढे सालोसाल चढता, आणि सातआठ वर्षांनी पुरता मलिकंबरी, म्हणजे मलिक अंबरच्या पद्धतीने ठरलेला, धारा. रानात लांडगे माजले होते म्हणून ते मारणाऱ्यांना बक्षिसे दिली, असेही बखरकार सांगतात; ओसाड गावात परतणाऱ्या कुटुंबाला पहिली भीती सावकाराची नसून श्वापदाची असते, हे त्या कारभाऱ्याला कळत होते. त्यानंतर ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवछत्रपतींनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला पाठविलेले पत्र प्रसिद्धच आहे. गावोगाव फिरावे, कुणब्यांना गोळा करावे, ज्याच्यापाशी माणूसबळ असून बैल नांगर नाही त्याला बैलासाठी रोख द्यावे, खावयास दाणे द्यावे, आणि ही रक्कम वाढीदिढी न लावता, त्याला शक्ती येईल तसतशी, मुद्दलापुरतीच उगवून घ्यावी, असा त्यातला आशय आहे. यासाठी दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल, अशी मुभाही दिली आहे. या पत्राची स्तुती आपण राजाच्या दयाळूपणासाठी करतो. मला त्यात दयाळूपणाइतकीच बारकाईची नजर दिसते. सुभेदाराने कचेरीत बसून यादी मागवावी असे पत्र म्हणत नाही. कोणाला बैल हवा आणि कोणाला बियाणे हवे हे दारोदार जाऊन पाहावे असे म्हणते, कारण दोन उद्ध्वस्त घरांची गरज क्वचितच एकसारखी असते.

पेशवाईच्या चांगल्या दिवसांत तगाई (शेतीसाठीचे सरकारी कर्ज), सूट आणि तहकुबी ही कमाविसदाराची नित्याची हत्यारे होती. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत मुलूख मक्त्याने दिला जाऊ लागला आणि मक्तेदाराला पुढच्या वर्षाची पर्वा असण्याचे कारण उरले नाही, तेव्हा हीच हत्यारे गंजली; म्हणून जुन्या अमदानीचे गोडवे गाताना हातचे राखूनच गावेत. १८१८ नंतर साताऱ्यास छत्रपतींचे राज्य काही काळ राहिले, १८४८ साली ते खालसा झाले, आणि गोल्डस्मिड व विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापुरापासून सुरू केलेली रयतवारी पाहणी यथावकाश या जिल्ह्यातही आली. साखळीने मोजलेले शेत, प्रतवारी, आणि तीस वर्षांसाठी कायम केलेला रोख धारा: या पद्धतीचे गुण पुष्कळ होते. अंमलदाराच्या लहरीवर सारा अवलंबून राहिला नाही, जमिनीचा मालक कागदावर निश्चित झाला. पण जी लवचिकता जुन्या कौलात होती ती या निश्चितीत मावली नाही. पीक येवो न येवो, हप्ता ठरल्या तारखेस. आणि तो भरण्यासाठी रोकड हवी, व रोकड सावकारापाशी.

१८७६ साली पाऊस फिरकला नाही तेव्हा या व्यवस्थेची परीक्षा झाली. जिल्ह्याचा पूर्वभाग, माण, खटाव, खानापूर, तासगाव, यांनी सर्वाधिक सोसले. आणि रेल्वे पुण्यापर्यंत व सोलापूरपर्यंत येऊन ठेपली असली, तरी सातारा जिल्ह्यात तेव्हा लोहमार्ग नव्हता, त्यामुळे धान्य यावयाचे ते बैलगाड्यांनी, आणि बैलांनाच चारा नव्हता. सरकारने दुष्काळी कामे काढली. रस्ते झाले, म्हसवडनजीकच्या राजेवाडीच्या विस्तीर्ण तलावासारखी पाणीपुरवठ्याची कामे त्या काळात आकारास आली, आणि आजही ती उभी आहेत. परंतु कामावरच्या माणसाला जी मजुरी ठरली ती दुष्काळासाठी नेमलेले सरकारी प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांच्या हिशेबाने, दिवसाला पौंडभर धान्याची किंमत आणि वर किरकोळ पैसे, एवढीच; खडी फोडणाऱ्या देहाला ती पुरत नाही, हे सांगण्यासाठी मजुरांनी कामावर जाणेच नाकारले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशींच्या पुढाकाराने, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारदरबारी अर्जांमागून अर्ज धाडले. उपाशी माणसाने मजुरी पुरत नाही म्हणून काम नाकारावे, हा प्रकार साहेबाला उर्मटपणाचा वाटला. आज वाचताना तो विलक्षण स्वाभिमानाचा वाटतो.

याच दुष्काळात, ज्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगूण, म्हणजे रहिमतपूरच्या जवळपासचे, त्या जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाजाच्या वतीने पुण्याजवळ धनकवडीस निराधार मुलांसाठी अन्नछत्र चालविले. त्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथातील संतापामागे हा अनुभव होता असे मानावयास हरकत नाही. एक वेळ पोट भरणे आणि कुटुंब पुन्हा उभे करणे यांतले अंतर त्यांना दिसले होते. मूल छत्रात जगले, तरी ते परत जाणार कोठे?

सरकारही काही शिकले. १८७९ सालचा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा, १८८० सालच्या दुष्काळ आयोगाचा अहवाल व त्यातून निघालेल्या दुष्काळसंहिता, १८८३ आणि १८८४ सालचे तगाईचे दोन कायदे, एक विहीर-बांधबंदिस्तीसाठी व दुसरा बी-बियाणे व गुरांसाठी, ही बहुतांशी त्या दोन वर्षांच्या हाहाकाराची अपत्ये होत. पीक किती आण्यांचे आले हे ठरविण्याची आणेवारी रूढ झाली. चार आण्यांच्या आत पीक असेल तर सारा तहकूब, चार ते सहा आण्यांच्या दरम्यान निम्मा तहकूब, असे नियम झाले. म्हणजे कौलाचा आत्मा दुसऱ्या देहात परत आला म्हणावयाचा. पण पूर्वी मामलेदार ज्याच्याकडे पाहून वर्षांची मुदत ठरवी ते एकेक घर होते, आता पाहावयाचे ते गावाच्या सरासरी पिकाकडे. दहा घरांची सरासरी सात आण्यांची निघाली, की ज्याचे शेत ओढ्याच्या पुराने वाहून गेले त्या अकराव्या घराला तहकुबीचा लाभ नाही. याच सुमारास, १८८०-९० च्या दशकात, सदर्न मराठा रेल्वेचा मार्ग पुण्याहून मिरजेकडे गेला, त्यावर रहिमतपूरचे स्टेशन झाले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात धान्य पोहोचण्याचा प्रश्न वीस वर्षांपूर्वीइतका भीषण राहिला नाही. प्रश्न धान्य विकत घेण्याचा उरला, आणि त्यावर आगगाडीचा इलाज चालत नाही.

आता पश्चिमेकडे वळू. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चारच्या सुमारास, पाटण तालुक्यात, कोयनानगर येथे भूमी हादरली. धक्क्याची तीव्रता रिश्टर मापाने सुमारे साडेसहाची होती; पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली, सहस्रावधी जखमी झाली, कोयनानगरातील बहुसंख्य घरे कोसळली, आणि वीजनिर्मिती थांबल्याने दूरच्या मुंबईतही अंधार पडला. दख्खनचे पठार हे भूकंपापासून सुरक्षित असे भूशास्त्राची पाठ्यपुस्तके तोवर सांगत होती. धरण नुकतेच पुरे झाले होते, शिवसागर जलाशय भरला होता, आणि पाण्याच्या या साठ्याचा व भूकंपाचा काही संबंध आहे काय, हा प्रश्न त्या दिवसापासून जगभरच्या शास्त्रज्ञांनी कोयनेचे नाव घेऊन विचारला. अशा भूकंपांच्या चर्चेत कोयनेचा उल्लेख आजही अग्रक्रमाने होतो.

परंतु शास्त्रज्ञांच्या कोयनेहून घरधन्यांची कोयना वेगळी होती. जलाशयासाठी ज्यांनी नदीकाठची भातखाचरे सोडली होती, त्यांतले काही घाटाखाली, काही दूर सोलापूर-ठाण्याकडे गेले, आणि पुष्कळजण पाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर, पुन्हा घर बांधून राहिले होते. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा झाला तो १९७६ साली. कोयनेच्या लोकांनी गाव सोडले तेव्हा त्यांच्या हाती मोबदल्याच्या पावतीपलीकडे कायद्याचे बळ नव्हते. अशा कुटुंबांची ती नवी घरे, मातीत रचलेल्या दगडी भिंतींची, सहासात वर्षांत दुसऱ्यांदा गेली. डिसेंबरची थंडी, डोंगरी वारा, आणि पुढेही दिवसेंदिवस जाणवत राहणारे धक्के, यांमुळे उरल्यासुरल्या घरात शिरण्यासही लोक धजेनात. मदत आली, आणि तत्परतेने आली हे कबूल केले पाहिजे: यशवंतराव चव्हाण केंद्रात गृहमंत्री, वसंतराव नाईक मुख्यमंत्री, पाटणचेच बाळासाहेब देसाई राज्याच्या मंत्रिमंडळात, अशा वेळी या तालुक्याकडे दुर्लक्ष होणे शक्य नव्हते. पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, तंबू आले, कपडेलत्ते व धान्य आले. हलक्या छपराचे घर जीव घेत नाही, हे ज्ञान पत्र्याबरोबर या डोंगरात आले; त्याचबरोबर पावसाळ्यातला त्याचा कानठळ्या बसविणारा आवाज आणि उन्हाळ्यातला ताव हेही आले.

कोयनेच्या पुनर्वसनातील एक गोष्ट मात्र मला अपूर्व वाटते. भूकंपग्रस्ताला जो दाखला मिळाला तो त्या दिवसाच्या नुकसानीपुरता राहिला नाही. शासकीय नोकऱ्यांतील समांतर आरक्षणात भूकंपग्रस्तांसाठी दोन टक्के जागा राखण्यात आल्या आणि त्या दाखल्याचा लाभ पुढच्या पिढीलाही मिळू लागला. ज्या मुलाचा जन्म भूकंपानंतर कित्येक वर्षांनी झाला त्याने भूकंपग्रस्त म्हणून तलाठ्याची वा लेखनिकाची परीक्षा द्यावी, याची थट्टा करणारे अनेक भेटतात. मी त्या थट्टेत सामील होत नाही. पडलेले घर दोन वर्षांत बांधून होते. घर बांधण्यात ज्याचे शेत, गुरे आणि बापाची उमेदीची वर्षे खर्ची पडली, त्या मुलाची शाळा मागे पडते, आणि तो तोटा दुसऱ्या पिढीत नोंदला जातो. हे ओळखून मुदत लांबविणारी, मदतीला काळाची जोड देणारी, अशी योजना आपल्या अलीकडच्या इतिहासात फारशी सापडत नाही. १९९३ साली ३० सप्टेंबरला किल्लारीत भूकंप होऊन सुमारे आठ हजार माणसे मेली, तेव्हा जागतिक बँकेच्या साहाय्याने बावन्न गावे नव्या जागी हलविली गेली. कोयनेच्या मानाने ते कार्य कितीतरी मोठे आणि शिस्तबद्ध, पण सरळ रेषेत आखलेल्या त्या वसाहतींत जुन्या गल्ल्यांचा शेजार कित्येकांना पुन्हा सापडला नाही.

पूर्वेकडच्या दुष्काळी भागाने १९७२ साली दिलेला धडा तर सर्वश्रुत आहे, म्हणून त्यावर थोडक्यातच लिहितो. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे, विधानपरिषदेचे सभापती, यांनी मागेल त्याला काम ही कल्पना त्याआधीच आपल्या तालुक्यात प्रयोगादाखल मांडली होती. दुष्काळात लाखो हात खडी फोडू लागले तेव्हा तिला रोजगार हमी योजनेचे रूप आले, आणि पुढे १९७७ सालच्या कायद्याने काम हा हक्क झाला. टेंपलसाहेबांच्या पौंडभर धान्याला मजुरांनी दिलेल्या नकाराचे उत्तर शंभर वर्षांनी, आणि तेही त्याच जुन्या सातारा जिल्ह्यातून (सांगली हा १९४९ साली वेगळा झालेला दक्षिण सातारा), आले.

मात्र पाण्याने, वाऱ्याने आणि दरडीने येणाऱ्या संकटाला मजुरीचे काम हे उत्तर पुरत नाही. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सत्तावन्न फुटांवर गेली, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यातच आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे डोंगर घरांवर आला. अशा वेळी आजचे सरकार करते ते पंचनामे. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येऊन पडझडीची टक्केवारी, दगावलेली जनावरे आणि बाधित क्षेत्र लिहून घेतात, पंचांच्या सह्या होतात, आणि ठरलेल्या दराने रक्कम बँकेच्या खात्यात जमा होते. मधल्या हातांची गळती यामुळे पुष्कळ थांबली, आणि जुन्या तगाईप्रमाणे ती फेडण्याचा तगादाही मागे लागत नाही. तथापि पंचनाम्याच्या कागदाला एकच दिवस ठाऊक असतो: आपत्तीचा. बिघ्याला पहिल्या वर्षी काही नाही, दुसऱ्या वर्षी तोबराभर, आणि मग वर्षागणिक थोडे थोडे, असा जो लांबचा हिशेब कौलात होता, त्यासाठी त्यात रकाना नाही.

ही उणीव सर्वांत स्पष्ट दिसली ती खऱ्याखुऱ्या चक्रीवादळात, आणि म्हणून शेवटी घाट उतरून कोकणात जावे लागते. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले. ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाच्या वाऱ्याने काही तासांत रायगडची आणि रत्नागिरीच्या उत्तरभागाची कौले, पत्रे, विजेचे खांब आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. घरांची मदत वाढविण्यात आली. पूर्ण पडलेल्या घराला पंचाण्णव हजारांच्या जागी दीड लाख, आणि फळबागांना हेक्टरी अठरा हजारांऐवजी पन्नास हजार, असे दर जाहीर झाले. देशावरच्या माणसाला पन्नास हजार ही रक्कम बरी वाटते, कारण त्याच्या डोळ्यांपुढे एकरांतली शेती असते. पण श्रीवर्धनच्या वाडीला हेक्टर कोठला? तेथे जमीन गुंठ्यांनी मोजतात. शंभर गुंठ्यांचा हेक्टर, म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये, आणि पाच गुंठ्यांच्या वाडीतली झाडे आडवी झालेल्या कुटुंबाच्या हाती अडीच हजार. मोडलेली झाडे तोडून वाडी साफ करण्याची मजुरीही त्यात निघत नाही. ओरड झाली आणि सरकारने माप बदलले: पोफळीच्या झाडास पन्नास रुपये, नारळाच्या झाडास अडीचशे. माप बदलण्याची ही तयारी स्तुत्यच होती, आणि शिवकालीन पत्रातली दारोदार जाऊन पाहण्याची दृष्टी तिच्यात अंशतः तरी होती.

तरी झाड मोजले म्हणजे झाडाचे आयुष्य मोजले असे होत नाही. श्रीवर्धनी रोठा ही सुपारी बाजारात नाव राखून आहे. पण तिचे रोप लावल्यावर ते धरावयास सहासात वर्षे जातात, माडालाही तितकीच. या वर्षांत त्या कुटुंबाला इस्तावा हवा होता. सेवा सोसायटीच्या व बँकेच्या कर्जाचे हप्ते, वीजआकार, घरपट्टी, मुलांचे शिक्षण, यांचा भार पहिल्या साली नाममात्र, पुढे चढता, आणि वाडी पूर्ववत् पिकू लागली म्हणजे पुरता, असा काही कौल सरकार आणि बँका यांनी मिळून दिला असता, तर तिजोरीवर एकदम मोठा बोजा न पडताही ती घरे तगली असती. दादोजींच्या कारकुनाला जो हिशेब बोरूने मांडता आला तो तहसील कचेरीतल्या संगणकाला अशक्य नव्हे. वस्तुतः कोकणात हा इस्तावा दीडशे वर्षे सरकारबाहेरच चालत आला आहे: आंबा गेला, माड पडला, घर शाकारावयाचे राहिले, की मुंबईच्या गिरणीतला, गोदीतला, पुढे दुकानांतला आणि कचेऱ्यांतला चाकरमानी पगारातून दरमहा थोडे थोडे पाठवी आणि झाड धरेतो घर चाले. २०२० च्या त्या जूनमध्ये मात्र टाळेबंदीमुळे चाकरमानी काम सोडून गावीच येऊन बसला होता, आणि अनेक घरी तो पगारही थांबला होता.